दुसऱ्या जिन्याचा जावई आणि मोरे हवालदार

मोरे हवालदारांना कोणी सांगितलं की आज रविवार आहे, तर ते आधी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायचे, मग सांगणाऱ्याच्या तोंडाकडे बघायचे आणि विचारायचे, "कशावरून?"

नायगावच्या आमच्या बीडीडी चाळीत हा प्रश्न मी सत्तावीस वर्षं ऐकला. त्यांची खोली आणि माझी खोली यांच्यात एकच भिंत. हवालदार सकाळी दुधाची पिशवी उचलायचे तीसुद्धा उजेडात धरून, चारी कोपरे दाबून बघून. पेपर आला की आधी पानं मोजायचे. पोस्टमनने पाकीट दिलं तर ते उघडायच्या आधी पोस्टमनलाच दोन प्रश्न. नोकरीत असताना हे सगळं ठीक होतं म्हणा, पण रिटायर झाल्यावर पोलीस ठाण्यातला सगळा संशय माणूस घरी घेऊन आला, आणि एकशे साठ फुटांच्या खोलीत तो मावेना म्हणून पॅसेजमध्ये सांडला.

मी लग्न होऊन आले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कळशी घेऊन नळावर निघाले, तर हे गणवेशात मधोमध उभे.

"नाव?"

"मंदा."

"पूर्ण."

मी पूर्ण सांगितलं.

"माहेर?"

"भायखळा. भाजी मार्केटच्या मागे."

"मार्केटच्या मागे काय काय आहे?"

आता नव्या नवरीला कोणी असं विचारतं का हो? पण मी घाबरून सगळं सांगितलं. गिरण, पाण्याची टाकी, आमच्या गल्लीतलं बुद्धविहार, कोपऱ्यावरचा लोहार. तिसऱ्या दिवशी जिन्यात भेटले तेव्हा मान हलवून म्हणाले, "बरोबर आहे. लोहार आहे." म्हणजे हा माणूस ड्युटीवरून येताना मुद्दाम भायखळ्याला उतरून बघून आला होता! मी नवऱ्यासमोर रडले. "मेला मला चोर समजतो," म्हटलं.

संध्याकाळी शालूकाकू आल्या, त्यांची बायको. हातात स्टीलचा डबा, डब्यात सुक्या जवळ्याची चटणी. "मनाला लावून घेऊ नकोस गं," म्हणाल्या. "मला बघायला आले तेव्हा माझ्या बापाची अशीच चौकशी केली होती. चहा थंड झाला, पोहे वाळले, तरी ह्यांची चौकशी संपेना. बाप म्हणाला, पोरी, जावई आलाय का धाड पडलीय?" आणि तोंडावर पदर धरून हसल्या. काकू हसायच्या त्या नेहमी तोंड झाकून, आवाज दाबून.

तो डबा मी दोन दिवसांनी परत केला, आत शेवयांची खीर घालून. आमच्याकडे शेजारचा डबा रिकामा परत करत नाहीत. काहीच नसेल तर चिमूटभर साखर घालतात, पण डबा रिकामा जात नाही. सत्तावीस वर्षं तो एकच डबा आमच्या दोन दारांमधून फिरत राहिला. आणि दर वेळी तो त्यांच्या दारात पोचला की हवालदार झाकण उघडणार, वास घेणार, विचारणार, "हे कशाबद्दल?"

"कशाबद्दल नाही. खा," मी म्हणायचे.

ते खायचे. पण आधी काकूंना खायला लावायचे.

खोटं कशाला बोलू, त्या संशयाचा एकदा मला उपयोगही झाला. चाळींच्या जागी टॉवर होणार म्हणून घरोघरी पाहणीला माणसं आली तेव्हाची गोष्ट. आख्ख्या मजल्याने दोन तासांत अंगठे लावून टाकले. हवालदारांच्या दारात मात्र गाडी अडली. त्यांनी आलेल्या पोराचं ओळखपत्र मागून घेतलं, नंबर लिहून घेतला आणि विचारलं, "तुम्ही स्वतः राहता कुठे? भाड्याने की मालकीचं? कशावरून?" तो बिचारा घामाघूम. मग त्याच्या हातातले सगळ्या मजल्याचे कागद हवालदारांनी चष्मा लावून वाचले, तेव्हा माझ्या कागदावर माझ्या सासऱ्यांच्या जागी भलत्याच माणसाचं नाव निघालं. मी सही करून मोकळी झाले होते. नोकरी माझी इस्पितळात केसपेपर लिहिण्याची, दिवसाला शंभर नावं तपासते, आणि स्वतःचा कागद न वाचता सही! हवालदारांनी माझ्यासमोर तो बदलून घेतला. मी हात जोडले तर म्हणाले, "आभार नंतर. आधी वाचा."

हसण्याचं मात्र त्यांना वावडं होतं. त्यांना हसताना मी कधी पाहिलं नाही. "रडणारा माणूस बहुधा खरं बोलतो," ते म्हणायचे. "हसणाऱ्यावर लक्ष ठेवायचं. तो काहीतरी लपवतो."

दोन वर्षांपूर्वी काकू गेल्या. आठवड्याचा ताप आणि संपलं. चाळीच्या विहारात पुण्यानुमोदनाला सगळी चाळ जमली. हवालदार दाराशी ताठ उभे, येणाऱ्या प्रत्येकाचा चेहरा न्याहाळत. डोळ्यात टिपूस नाही. मला राग आला, खूप राग आला. अशा बाईचा संसार अशा माणसाबरोबर व्हावा, असं मनात आलं आणि मी त्या दिवशी त्यांच्याशी बोललेसुद्धा नाही.

तिसऱ्या रविवारी दुपारी दार वाजलं. हवालदार. हातात मोबाईल, तोही असा धरलेला की आत्ताच कोणाकडून तरी जप्त केलाय.

"यात जुने पिक्चर मिळतात म्हणे?"

"मिळतात. कुठला हवाय?"

त्यांनी पॅसेजच्या दोन्ही टोकांना बघितलं आणि आवाज खाली करून म्हणाले, "दुसऱ्या जिन्याचा जावई."

ते नाव मला माहीत होतं. चाळीत दुसऱ्या कोणाला असेल असं वाटत नाही. तीसेक वर्षांपूर्वी हा पिक्चर लालबागला एक आठवडा चालला आणि गेला. ना पेपरात कोणी चार चांगल्या ओळी लिहिल्या, ना पुढे कोणी आठवण काढली. त्यातला नायक नंतर कुठे दिसला नाही. पण काकू पॅसेजमध्ये मेथी निवडायला बसल्या की त्याची गोष्ट सांगायच्या. "मंदे, मोठ्या पडद्यावर पहिल्यांदा आपल्यासारखी मोरी बघितली गं मी. तसाच पितळी नळ, तसंच वाळत घातलेलं पोतेरं." आणि एकदा म्हणाल्या होत्या, "आमचे हे एकदा माझ्या मागे मागे त्या पिक्चरला आले होते, माहितीये?" मी तेव्हा विश्वास ठेवला नव्हता. बाईमाणूस मनाची समजूत काढायला काहीबाही रचतं, असं मला वाटलं होतं.

पिक्चर सापडला. कोणीतरी भल्या माणसाने टीव्हीवरून उतरवून टाकला होता, कोपऱ्यात कुठल्यातरी वाहिनीचं चिन्ह, रंग उडालेले. हवालदार म्हणाले, "आमच्या खोलीत बघू. दार उघडं ठेवून. तुम्ही साक्षीदार म्हणून बसा."

"पिक्चरला साक्षीदार कशाला?"

"लागतो."

मी गेले. मोबाईल डब्याला टेकवून ठेवला, त्याच आमच्या डब्याला. हवालदारांनी ट्रंकेतून एक जुनी खिशातली डायरी काढली, चष्मा लावला, मनगटावरचं घड्याळ सोडून समोर ठेवलं आणि बरोबर तीन बाराला पिक्चर लावायला सांगितला. आता माझ्या मनात पाल चुकचुकली. हा माणूस बायको गेल्यावर तिच्या आवडीचा पिक्चर बघतोय की कसला तपास करतोय?

पहिली वीस मिनिटं मी त्यांच्याकडेच बघत होते. मग कधी पिक्चरकडे बघायला लागले ते कळलंच नाही.

गोष्ट एवढीशी. एक मुलगा मुलगी बघायला चाळीत येतो आणि चुकून दुसऱ्या जिन्याने वर जातो. त्या घरात दुसऱ्याच पाहुण्यांची वाट बघणं चाललेलं असतं. ती लोकं त्याला बसवतात, पोहे देतात, जाताना डबा भरून देतात. चूक कळते तेव्हा त्याचं मन तिथे अडकलेलं असतं. मग उरलेला पिक्चरभर तो डबा परत करायला येतो, आणि डबा रिकामा द्यायचा नाही म्हणून तो काहीतरी घालून आणतो, आणि डबा रिकामा ठेवायचा नाही म्हणून ती काहीतरी घालून देते. बस्स. मारामारी नाही, बागेतलं गाणं नाही. "माझं तुझ्यावर प्रेम आहे" असं अख्ख्या पिक्चरमध्ये कोणी कोणाला म्हणत नाही. एवढा चांगला पिक्चर चालला कसा नाही, याचाच मला संशय येतो. लोकांना बहुतेक आपली मोरी पडद्यावर बघायची लाज वाटली असेल.

एक जागा तर मी जन्मात विसरणार नाही. तो तिला सहज विचारतो, "तुम्हाला काय वाटतं?" कशाबद्दल विचारतो तेही आता आठवत नाही, भाजीत गूळ घालावा की नाही असलंच काहीतरी. तिला हे कोणी कधी विचारलेलंच नसतं. "थांबा हं, मीठ बघून येते," म्हणते आणि मोरीत जाऊन दार लावून घेते. कॅमेरा त्या बंद दारावर थांबून राहतो आणि आतून तिचं हसू ऐकू येतं, दाबलेलं. मला एकदम काकू आठवल्या.

आणि हवालदारांनी डायरीत खूण केली. "बरोबर. सोळा बावीस."

"काय बरोबर?"

त्यांनी नुसतं घड्याळाकडे बोट केलं. पुढे डबेवाला दुसऱ्या जिन्यावरून घसरतो तिथे परत खूण. म्हातारी आत्या जावयाला गॅसवाला समजून शेगडी उघडायला लावते तिथे खूण. इंटरव्हल आलं तेव्हा मोबाईल थांबवून ते अकरा मिनिटं मोजत बसले.

"हवालदार, काय चाललंय ते सांगा, नाहीतर मी उठले."

त्यांनी डायरी माझ्याकडे सरकवली. बारीक, सरळ अक्षर. वर काकूंचं नाव, पूर्ण, नवऱ्याच्या आणि बापाच्या नावासकट, आरोपीचं लिहितात तसं. खाली वेळा. "१५.०० आत गेली. एकटी. १५.१२ पिक्चर सुरू. १५.३१ हसली. १५.४० हसली. १६.२२ हसली, बराच वेळ. १६.२९ हसली. १६.३४ हसली."

मी ते दोनदा वाचलं. मग त्यांनीच सांगितलं, भिंतीकडे बघत. काकूंच्या पर्समध्ये त्यांना त्या पिक्चरच्या तिकिटांची तीन अर्धुकी सापडली. लागोपाठ तीन दिवसांची, तीनच्या खेळाची. बाई एकच पिक्चर तीनदा का बघेल? कोणाला तरी भेटत असणार. म्हणून चौथ्या दिवशी हे साध्या कपड्यांत तिच्या मागे गेले, चार रांगा मागे कडेच्या खुर्चीवर बसले आणि स्वतःच्या बायकोच्या हसण्याची नोंद केली. घरी ती अशी कधी हसली नव्हती. तोंड न झाकता.

"कोणी आलं होतं भेटायला?" मी विचारलं. माझा आवाज चांगला नव्हता.

"नाही. बाजूच्या दोन्ही खुर्च्या रिकाम्या." मग त्यांनी शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. "पण हे बघा."

"१७.१० मागे वळली. मी वाकलो. हसली, मोठ्याने. कोणाकडे बघून, दिसलं नाही."

"बाकीची सगळी हसणी पिक्चरमध्ये सापडली," ते म्हणाले. "प्रत्येक ठिकाणी हसण्यासारखं काहीतरी आहे. आता सतरा दहाला काय आहे ते बघायचंय. तीस वर्षं झाली. मला फक्त एवढंच कळू द्या, ती कोणाला बघून हसली."

"इतक्या वर्षांत तिलाच का नाही विचारलंत?"

"विचारलं असतं तर मी तिथे होतो हे कळलं असतं."

अकरा मिनिटं भरल्यावर आम्ही पुढे बघितलं. सतरा दहा आलं. पडद्यावर तिच्या घरून डबा परत येतो. जावई जिन्यात उभा राहून झाकण उघडतो. डबा रिकामा. पहिल्यांदाच. बाजा नाही, संवाद नाही, फक्त झाकण परत लागल्याचा आवाज. कोणीही हसणार नाही असा तो क्षण. हवालदारांनी मोबाईल थांबवला आणि त्यांचा चेहरा असा काही झाला की माझा सगळा राग जिथल्या तिथे थिजला. "बघितलंत?" म्हणाले. "इथे हसण्यासारखं काही नाही. म्हणजे माणूस होता."

"होता," मी म्हटलं.

ते माझ्याकडे बघायला लागले.

"तुम्ही होतात. काकूंनी तुम्हाला बघितलं होतं."

"कशावरून?"

"बुटांवरून."

काकूंनी मेथी निवडता निवडता मला सगळं सांगितलं होतं, मीच ते खोटं धरून चालले होते. त्या जागी त्या रडत होत्या. डोअरकीपरची बॅटरी मागे चमकली म्हणून वळल्या, तर कडेच्या खुर्चीवरचा माणूस घाईघाईने खाली वाकला, आणि बॅटरीच्या उजेडात वाटेत आले त्याचे दोन पाय. अंगात फुलाफुलांचा शर्ट आणि पायात पोलिसाचे तपकिरी बूट!

"तसले बूट मुंबईत हजारो," हवालदार म्हणाले. पण आवाजात जोर नव्हता.

"उजव्या बुटाची नाडी काळी होती. तपकिरी मिळाली नव्हती, म्हणून काकूंनीच घातली होती आदल्या दिवशी. बूट रोज त्याच पुसायच्या ना?"

हवालदार खाली बसले. बसलेलेच होते, पण आणखी खाली बसले.

मग मला राहवलं नाही. मी बोलले. "तुम्ही तिच्यावर पाळत ठेवायला गेलात. आणि ती काय समजली माहितीये? हा माणूस ड्युटी टाकून माझा पिक्चर बघायला आला, बायकोच्या शेजारी बसायची लाज वाटते म्हणून मागे लपून बसला. घरी येऊन तिने तुम्हाला विचारलं नाही, का, तर तुम्ही लाजाल म्हणून! तुमच्या आख्ख्या संसारातली सगळ्यात प्रेमाची गोष्ट म्हणून तिने ती मला सांगितली, हवालदार. आणि तुम्ही घड्याळ लावून बसला होतात."

मी रडत होते. ते नाही. चष्मा काढून ते म्हणाले, "मग त्या दिवशी रात्री तिने गोडाचं का केलं होतं, ते आता कळलं." आणि डायरी बंद केली.

पुढे कित्येक दिवस मला एक वेगळीच शंका खात राहिली. हवालदाराशी इतकी वर्षं संसार केलेल्या बाईला हा कशाला मागे आलाय ते खरंच कळलं नसेल? मला सांगताना त्या तोंडावर पदर धरून हसत होत्या. त्या पदराआड काय होतं, मी शपथेवर सांगू शकत नाही. कळूनही त्यांनी ते प्रेमाच्याच बाजूला टाकलं असेल. ही शंका मी हवालदारांना सांगितली नाही. त्यांच्याजवळ शंका पुष्कळ होत्या.

त्या रविवारनंतर एक बदल झाला. काकू गेल्यापासून तो डबा त्यांच्याकडून धुऊन, रिकामा परत यायचा. आता त्यात काहीतरी असायचं. चार खारका, कधी केळं, एकदा नुसतं अख्खं लिंबू. आणि माझ्याकडून आलेला डबा उघडताना त्यांनी "हे कशाबद्दल?" विचारणं सोडलं.

चाळ रिकामी व्हायच्या आधीच्या महिन्यात मंडळाने विहाराच्या हॉलमध्ये सगळ्यांसाठी एक पिक्चर लावायचं ठरवलं. चाळीतल्या जिण्याचा काहीतरी हवा, म्हणाले. मी नाव सुचवलं. मंडळाचा सेक्रेटरी बाळा, आमच्याच मजल्यावरचा, डोकं खाजवत म्हणाला, "मंदाताई, हे नाव कोणी ऐकलेलं पण नाही. पब्लिक उठून जाईल."

"बघा आणि मग बोला," मी म्हटलं.

रविवारी दुपारी पांढरी चादर लावली, खुर्च्या मांडल्या. पब्लिक काही उठलं नाही. आत्याबाईच्या शेगडीला तर हॉल डोक्यावर घेतला. मोरी दिसली तेव्हा बायका एकमेकींना कोपराने ढोसायला लागल्या. मोरीचं दार बंद झालं आणि आतून हसू आलं, तेव्हा माझ्या पुढच्या रांगेतल्या तीन म्हाताऱ्या एकदम गप्प झाल्या. मला वाटलं, काकू, बघताय ना?

मग तो डबा आला. जावई जिन्यात थांबला, झाकण उघडलं. हॉलमध्ये कोणीतरी नाक ओढलं. बाकी सगळं चिडीचूप.

आणि मागून कोणीतरी हसलं. आधी खोकल्यासारखं, मग मोठ्याने, मग आवरता न येण्यासारखं. माना वळल्या. "कोण आहे रे तो?" "अरे, हवालदार!" "इथे काय हसतात? रडायचा सीन आहे!"

मीही वळले. मोरे हवालदार कडेच्या खुर्चीवर बसले होते, तोंड न झाकता हसत होते, आणि डोळ्यांतून पाणी गालांवर ओघळत होतं. मी त्यांना नीट पाहिलं ते तेव्हाच शेवटचं. पुढच्या आठवड्यात त्यांची लग्न होऊन गेलेली मुलगी येऊन त्यांना घेऊन गेली, आणि नव्या घराची चावी मिळायच्या आत ते गेल्याचा फोन आला.

त्या दुपारी हॉलमध्ये बाळा वाकून माझ्या कानाशी आला. "मंदाताई, ह्यांच्या डोक्यावर परिणाम झाला का हो?"

"नाही रे. बायकोबरोबर पिक्चर बघतायत ते."

"कशावरून?"

मी बोटाने खाली दाखवलं. हवालदारांनी दोन्ही पाय वाटेत पुढे काढून ठेवले होते, वळून बघणाऱ्याला नीट दिसतील असे. पायात तपकिरी बूट, चकचकीत पॉलिश केलेले, आणि उजव्याची नाडी काळी.